कूप क्रमांक ४१७

केसर एन्क्लेव्ह, गाझियाबाद
११ जानेवारी १९९८

ती. विश्वनाथमामा,

नमस्कार. आईच्या चुलतभावाकडे काम घेऊन जायचं नाही, असं पुणं सोडताना ठरवलं होतं. आठ महिने टिकले. आता तुम्हालाच विचारते, कारण दुसरं कुणाला विचारायचं तेच कळत नाही.

आमच्या पार्कच्या कोपऱ्यात एक लोखंडी पाइप जमिनीत गेलेला आहे. वर कुलूप लावलेलं झाकण, त्यावर पांढऱ्या रंगात ‘कूप ४१७’. पोरी त्यावर चढून उड्या मारतात, त्यात आमची स्वानंदीही. परवा एक माणूस आला, कुलूप काढलं, आत टेप सोडली, बाटली भरली आणि वहीत काहीतरी लिहिलं. म्हटलं, एवढ्या थंडीत आलाय बिचारा, पाणी तरी विचारावं. तर तो चक्क दोन पावलं मागे सरला. “नहीं बहनजी, पानी मैं घर से लाया हूँ।” अहो, चांगलं उकळलेलं पाणी होतं, आमच्या नळाचं! मी विचारलं, या पाइपातून काय कळतं तुम्हाला? म्हणाला, दफ्तरला विचारा. आणि दफ्तर कुठलं, तर तुमचंच, भूजल नोंदणी कार्यालय!

मामा, इथे सगळी सोसायटी बोअरचं पाणी पिते. माझ्या डोक्यावर लतिका राहते, मेरठची. तिला आठवा लागलाय. ती तर आता प्रत्येक थेंब उकळून पिते. मला ४१७चे आकडे पाठवा. हिंदीत एक कागद करून गेटवर लावते, म्हणजे लोक काय ते ठरवतील. माणूस आमच्या अंगणातून पाणी नेतो आणि आम्हालाच सांगत नाही, ही काय रीत झाली?

फोन अजून लागलेला नाही. बिल्डरच्या पुस्तिकेत मात्र फोन, कारंजं, क्लब, सगळं आहे. शेजारच्या गावचा हरिदास तुमच्याकडे शिपाई आहे हे परवाच कळलं. पत्र त्याच्याच हाती देते आहे.

हिंदी हळूहळू येतंय. परवा ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी वाचून मी इंद्रजितला म्हटलं, इथे शिक्षा द्यायला वेगळं खातं असतं? शिक्षा म्हणजे इथे शिक्षण, हे सांगताना तो जो हसत सुटला, तो अजून हसतोय.

मामींना नमस्कार.
सुखदा


आर. के. पुरम, नवी दिल्ली
१९ जानेवारी १९९८

चि. सुखदा,

आशीर्वाद. हरिदासने तुझं पत्र डब्याच्या पिशवीतून काढून दिलं, त्यामुळे त्याला लोणच्याचा वास आहे. तुझ्या मामीने तेवढ्यावरून ओळखलं की तो आमचाच हरिदास.

तुझा प्रश्न सरळ आहे. उत्तर सरळ नाही, आणि त्याला काही अंशी मीच जबाबदार आहे. ४१७चे आकडे आहेत. दर तीन महिन्यांनी येतात आणि माझ्याच कपाटात लागतात. ते कुणीही येऊन आमच्या वाचनकक्षात पाहू शकतो. तक्त्यावर शिक्का असतो, ‘केवल अवलोकनार्थ’. म्हणजे बघा, पण नेऊ नका. उतरवून घ्यायचं तर अर्ज, छापायचं तर निराळा अर्ज, प्राध्यापकाला एक नमुना, वर्तमानपत्राला दुसरा. मागच्या वर्षी एका शाळेने भिंतीवर लावायला पावसाचा तक्ता मागितला. शाळेसाठी नमुनाच नव्हता. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे.

याला कंटाळून मी दोन वर्षं एका कागदाच्या मागे लागलोय. एकच छापील परवाना, सगळ्यांना सारखा. जनतेच्या पैशाने गोळा केलेली माहिती कुणीही उतरवावी, छापावी, वाटावी, कुणाला विचारू नये. अट एकच, ती कुठून घेतली त्याचं नाव खाली द्यावं. पाचवा मसुदा चाललाय. मंजूर झाला तर तुझ्यासारखीला मामा शोधावा लागणार नाही.

तोवर गुरुवारी येऊन बघून जा. मी आकडे पत्रात लिहिणार नाही, माझ्या सहीचा कागद बाहेर फिरायला नको. पण घरातला माणूस म्हणून एक सांगतो, आणि ही ओळ तुझ्यापाशीच ठेव. तुमची बोअर आणि ४१७ एकाच पाण्यात आहेत. तान्ह्या बाळाला ते पाणी देऊ नये. उकळून तर मुळीच नाही. त्यात जे आहे ते उकळून जात नाही, पाणी आटतं आणि ते वाढतं.

मामीचं मूत्रपिंड पहिल्यासारखंच. दर मंगळवारी दवाखाना.

विश्वनाथमामा


केसर एन्क्लेव्ह
१ मार्च १९९८

ती. मामा,

मी खूप चिडले आहे, हे आधीच सांगून टाकते.

गुरुवारी तुमच्या वाचनकक्षात गेले. दारातच बाईंनी पर्समधलं पेन काढून घेतलं. पेन्सिलही! स्वानंदीची खोडरबरवाली पेन्सिल होती हो ती. तक्ता समोर ठेवला. ४१७ची ओळ सापडली. नायट्रेट, चार तिमाही. खाली तळटीप की पंचेचाळीसच्या आत हवं. मी आकडे वाचले. मग काय करणार? लहानपणी पाढे पाठ करायचो तसे पाठ केले. एकशे बासष्ट, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे एक्याण्णव, दोनशे चौदा. बसमध्ये पुटपुटत आले. मी जपाला बसलेय असं समजून शेजारची बाई मला जागा देत होती. घरी येऊन स्वानंदीला म्हणून दाखवले. तिलाही पाठ झाले, आता दोरीवर उड्या मारताना तेच म्हणते.

मग हिंदीत कागद केला आणि गेटवर लावला. तुमच्या परवान्यातली अट मला पटली होती, म्हणून खाली ठळक लिहिलं, ‘आकडे : भूजल नोंदणी कार्यालय’. चोरी तर नव्हती केली.

तिसऱ्या दिवशी बिल्डरच्या माणसाने तो फाडला. आठवड्याने लिफ्टजवळ तुमच्या कार्यालयाचं पत्र लागलं, शिक्क्यासकट. ‘उक्त आँकड़े इस कार्यालय द्वारा प्राधिकृत नहीं हैं।’ लोकांनी काय अर्थ काढला असेल? सरकार म्हणतंय, आकडे खोटे आहेत! आणि खाली सही कुणाची? मामा, ती सही मी आईला येणाऱ्या राखीच्या मनिऑर्डरींवर लहानपणापासून बघत आलेय.

लतिकाला २२ तारखेला मुलगी झाली. लतिकाला दूध नाही. पावडरचं दूध देतात, बोअरच्या पाण्यात, वीस मिनिटं उकळून. मी वर जाऊन हात जोडले. तिचा नवरा भला माणूस आहे, चहा दिला आणि म्हणाला, “भाभीजी, सरकारी चिट्ठी झूठ थोड़े ही बोलेगी?” तुमची ओळ दाखवणार होते, पण ती मराठीत, आणि तुम्ही दाखवू नको म्हटलेलं. मी घरून एक कॅन भरून वर ठेवून आले. शेजारच्या पुष्पाबाई टँकरवाल्याकडून आणतात तसं लांबून आणलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात त्यांनी कपडे भिजवले होते.

मी काय करू ते सांगा. नुसतं ‘बघते’ म्हणून किती दिवस बघू?

सुखदा


आर. के. पुरम
६ मार्च १९९८

चि. सुखदा,

सही माझीच. बिल्डरचा प्रश्न आला होता, ‘हे आकडे छापण्याची परवानगी आपण दिली आहे काय?’ उत्तराचा ठरलेला मजकूर आहे, त्यावर मी तीस वर्षं सही करतो. वाक्य खरं आहे. परवानगी दिली नव्हती. ते वाक्य लिफ्टजवळ गेल्यावर त्याचा काय अर्थ होईल, हे सही करताना माझ्या डोक्यात आलं नाही, असं लिहिणार होतो. पण आलं होतं. पुढची फाइल उघडी होती, मी सही केली.

तू नाव दिलंस ते बरोबरच केलंस. नाव दिल्यामुळे पकडली गेलीस, हा दोष माझ्या कागदाचा नाही, तो कागद अजून मंजूर नाही याचा.

आता ऐक. येत्या सोमवारी परवान्याचा मसुदा संचालकांपुढे जातोय. त्याला नमुना म्हणून मी पहिलंच पान ४१७चं जोडलंय. मंजुरी मिळाली तर त्याच संध्याकाळी तुला शिक्क्याचा कागद मिळेल, हव्या तितक्या प्रती काढ. तू माझी भाची आहेस हे इथे कळलंय, चौकशी लावू म्हणतात. लावू देत. चौदा महिने उरलेत माझे. आयुष्यभर खाली मान घालून काम केलं. या वेळी त्यांनी नाही म्हटलं तर काय करायचं ते मला ठाऊक आहे.

बाळाचं पाणी तेवढं कसंही करून बदल.

मामा


केसर एन्क्लेव्ह
१४ मार्च १९९८

ती. मामा,

हे पत्र रडत लिहितेय की हसत, माझं मलाच समजत नाही.

काल हरिदास गेटवर भेटला. मी धावतच गेले, म्हटलं साहेबांच्या कागदाचं काय झालं? तो म्हणाला, “बहनजी, साहब ने तो राज़ीनामा लिख के दे दिया। अब चिंता की कोई बात नहीं।” वर हसला. भला माणूस, मला धीर देत होता.

मामा, राजीनामा! चौदा महिने उरलेले, डोक्यावरचं छप्पर सरकारी, मामींचा दवाखाना सरकारी, आणि तुम्ही एका विहिरीसाठी, कुणा लतिकाच्या मुलीसाठी नोकरी सोडलीत! आणि मी तुम्हाला तसलं पत्र लिहिलं होतं. माफ करा हो मला. इंद्रजित म्हणतो, मामा-मामींना इथे घेऊन ये. मागची खोली मी रिकामी केलीय. शिवणाचं मशीन बाल्कनीत ठेवलं. मामींना ऊन मिळेल.

आता खरी गोष्ट ऐका. मी तशीच वर गेले. लतिकाच्या नवऱ्याला सांगितलं, “मेरे मामाजी ने इसी पानी के लिए नौकरी छोड़ दी।” तो म्हणाला, सरकारी नोकरी कुणी उगाच सोडत नाही. त्याच संध्याकाळी तो सायकलवर आमचे दोन कॅन बांधून नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडून पाणी घेऊन आला! बाळाची बाटली आता त्याच पाण्यात बनते. तळमजल्यावरच्या सरदारजींनीही आणलं. चार आकड्यांनी जे झालं नाही ते तुमच्या एका शब्दाने झालं.

कधी येता? क्वार्टर किती दिवसांत सोडावं लागतं?

तुमची,
सुखदा


आर. के. पुरम
१९ मार्च १९९८

चि. सुखदा,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुझ्या मामीला वाचायला दिलं नाही.

मी नोकरी सोडलेली नाही. ‘शिक्षा’ने तुला एकदा फसवलं होतं, हाही तसलाच शब्द. इथे राज़ीनामा म्हणजे राजी झाल्याचा कागद. समझोता. भांडण मिटलं की दोन्ही बाजू लिहून देतात तो. हरिदास खरं तेच बोलला. तो हसला, कारण त्याला वाटलं साहेब वाचले.

मी काय लिहून दिलं ते तुला कळायला हवं. आकडे एका नातेवाइकाने परस्पर बाहेर नेले. ४१७च्या नोंदी पडताळणी होईपर्यंत कच्च्या समजाव्यात. आणि परवाना मंजूर व्हावा म्हणून त्यातून वादग्रस्त नोंदी वगळायला माझी हरकत नाही. याच्या बदल्यात चौकशी नाही, निवृत्तीपर्यंत क्वार्टर आणि पेन्शन शाबूत. संचालक ओरडले नाहीत, चहा मागवला. म्हणाले, जोशीजी, तुमचा परवाना तर पास होतोय, आणखी काय हवं? तुझ्या मामीचा मंगळवार माझ्या डोळ्यांपुढे आला. मी पेन काढलं. आमच्या कार्यालयात माझं पेन कुणी दारात काढून घेत नाही.

तू रिकामी केलेली खोली मला सारखी दिसते. मशीन आत घे, बाल्कनीत खराब होईल.

लोकांना खरं सांगायचं की नाही ते तूच ठरव. सांगितलंस तर ते पाणी पुन्हा बदलतील, हे मला कळतं. न सांगशील तर मी फुकटचा मोठा होऊन बसेन. बाळ कुठलं पाणी पितंय, तेवढं आधी कळव.

मामा


केसर एन्क्लेव्ह
१२ एप्रिल १९९८

ती. मामा,

मी सांगितलं नाही. खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, पण गप्प बसणं जमलं. बारा दिवस जमलं.

मग लतिकाच्या नवऱ्याने हरिदासला सहज विचारलं, साहब आजकल क्या कर रहे हैं? तो म्हणाला, करेंगे क्या, रोज़ दफ्तर आते हैं. संपलं. लतिकाचा नवरा रागावला नाही, हे जास्त लागलं. कॅन परत आणून दिले, धुऊन. नहर लांब पडते म्हणाला.

७ तारखेला दुपारी लतिका किंचाळत खाली आली. बाळाचे ओठ आणि नखं निळी पडली होती. आम्ही ऑटोने दिल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरणीने पहिलंच विचारलं, पाणी कुठलं? तपासणीचा रिपोर्ट आहे? लतिकाचा नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, रिपोर्ट नाही, पण मला पाठ आहे. आणि तिथे, सगळ्यांसमोर, पाढे म्हटले. डॉक्टरणीने ते केसपेपरवर उतरवून घेतले. तिने परवानगी मागितली नाही. इंजेक्शन दिलं, तासाभरात ओठांचा रंग परत आला.

बाळ वाचलं, मामा. लतिका ते घेऊन मेरठला गेली, परत येणार नाही. तिच्या नवऱ्याने जाताना माझे पाय धरले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केसपेपरची प्रत मागितली, गेटवर लावायला. रुग्णाची माहिती बाहेर देता येत नाही म्हणाले.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. रागावून झालं. मामींना सांभाळा.

सुखदा


आर. के. पुरम
२८ मे १९९९

चि. सुखदा,

वर्षभर पत्र लिहिलं नाही, धीर झाला नाही. येत्या सोमवारी निवृत्त होतोय. सामान बांधून झालंय, क्वार्टर चार महिन्यांत सोडायचं, मग नागपूरला मेहुण्याकडे.

सोबत एक पुस्तक पाठवतोय. आमच्या कार्यालयाचा पहिला तक्तासंग्रह, माझ्या परवान्याखाली छापलेला. पहिल्या पानावर परवाना आहे, शब्द न् शब्द माझा. ‘कोणीही उतरवावे, छापावे, वाटावे.’ काल समारंभात त्याबद्दल शाल मिळाली. पान ३८ उघड. कूप ४१६, आणि त्याच्या खाली कूप ४१८.

मूळ रजिस्टर पडताळणीसाठी वर गेलं ते आलं नाही. तुमच्या पार्कातल्या पाइपावर पार्किंगचं सिमेंट ओतल्याचं हरिदास म्हणाला. मी काल बसून ती ओळ आठवायचा प्रयत्न केला. शेवटचा आकडा दोनशेच्या वर होता, एवढंच आठवतं. मी ते कधी पाठ केलेच नव्हते. माझ्यापाशी कागद होता ना.

तुला अजून येत असतील तर लिहून पाठव. सोमवारनंतर माझ्या सहीला किंमत नाही, पण माझ्या प्रतीत पान ३८वर तरी माझ्या हाताने लिहून ठेवीन.

मामा


केसर एन्क्लेव्ह
४ जून १९९९

ती. मामा,

एकशे बासष्ट, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे एक्याण्णव, दोनशे चौदा. स्वानंदीने म्हटले, मी लिहिले. लिहून ठेवा, आणि कुणी मागितले तर द्या, मला विचारू नका.

नागपूरला जायच्या आधी मामींना घेऊन दोन दिवस इथे या. खोली आहे. पाणी मी बाहेरून आणते.

लतिकाच्या घरात नवीन बिऱ्हाड आलंय, कानपूरचं. बाई गोड आहे, पाचवा महिना लागलाय. काल सांगत होती की ती पाणी नेहमी उकळूनच पिते. मी तिला खाली बसवलं, सगळं सांगितलं, आकडे म्हणून दाखवले. तिने अगदी मन लावून ऐकलं. मग तुमचं पुस्तक हातात घेतलं, पान ३८ वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं, आणि मला विचारलं, “दीदी, ये कहीं लिखा है क्या?”

सुखदा